शेंदराच्या पोटातल्या बायका

घटक एक. स्वतःपासून सुरुवात करा.

सारिका राऊळकर पहिल्याच घटकात अडली. घरून आणलेली वंशावळ तिने वर्गातल्या मोठ्या पडद्यावर टाकली, तेव्हा केळीच्या लोंगरासारखे पुरुष वरून खाली लटकलेले दिसले. वर मूळपुरुष आबाजी, त्याचे तीन, त्या तिघांचे सात, असं फुटत फुटत तळाशी तिचा भाऊ रणजित. त्याच्या शेजारी एक वर्तुळ होतं आणि त्यात नुसतं लिहिलं होतं ‘कन्या १’.

“यात तू कुठं आहेस?” देवस्थळी सरांनी विचारलं.

“हे काय, वर्तुळात.”

“मग नाव नाही घातलं?”

“घातलंय की. कन्या एक. हजेरीपटावर पण तेच लिहा सर, मला सवय आहे.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरचे तात्या बोंद्रे जरा जास्तच हसले. एसटीतून निवृत्त झालेले तात्या आपल्या पूर्वजांत एखादा सरदार सापडावा, लहानसा का होईना, म्हणून या वर्गाला आले होते. बाकीचे बहुतेक विवाह मंडळं चालवणारे. सन २०४३ मध्ये स्थळ बघायचं म्हणजे पत्रिकेआधी पिढ्यांचा दाखला बघायचा, अशी तऱ्हा झाली होती. त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजात दर रविवारी भरणाऱ्या या ‘वंशविद्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमा’ला बसायला बाक पुरत नव्हते.

सारिका इथे हौसेने आली नव्हती. ती दूध संकलन केंद्रात फॅट तपासायची. चाळिशी ओलांडलेली, नवऱ्याचं घर सोडून आलेली, भावाच्या परसातल्या खोलीत राहणारी. तिला भावानेच पाठवलं होतं.

कारण तांबखडीचा भैरोबा. या देवाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या राऊळकरांकडे. आता नवा कायदा आला होता. ज्याला असा वडिलोपार्जित हक्क सांगायचा, त्याने आपल्या कुळाचा हात देवाला खंड न पडता लागत आला हे वहिवाट मंडळापुढे सिद्ध करायचं. मंडळ पुरावा घेणार दोनच गोष्टींचा. एक यंत्राचं वाचन, आणि दुसरी त्या वाचनावरून काढलेली वंशावळ. वंशावळीवर सही हवी ती या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाची. सारिकाचा शेवटचा प्रकल्प म्हणजेच ती वंशावळ. तो पास झाला की तिला सहीचा अधिकार आणि भावाला देव.

“बाहेरचा माणूस कशाला?” रणजित म्हणाला होता. “तू शीक, सारे. घरातली गोष्ट घरात राहील.”

तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा.

घटक तीन. थरवाचन.

(घटक दोन कायद्याचा होता. तो वर्गाने झोपून काढला.)

भैरोबाला दर अमावस्येला शेंदूर चढतो. शेंदूर म्हणजे शिशाचं लाल भस्म. ते तेलात खलायचं आणि मूर्तीला तळहाताने लावायचं. तेल हळूहळू सुकतं, त्याचा घट्ट पापुद्रा होतो, पुढच्या अमावस्येला त्याच्यावर दुसरा. अशी वर्षं गेली की देवाच्या अंगावर चार बोटं जाड कवच चढतं, आणि एक दिवस ते स्वतःच्याच वजनाने गळून पडतं. देवाने कवच सोडलं, म्हणतात गावात. मग वाजतगाजत ते नदीत सोडतात.

आता हाताने लावायचं म्हटलं की तळहाताची मेलेली कातडी त्यात अडकणारच. एरवी असे कण जंतू चार दिवसांत फस्त करतात. पण शिशाच्या शेजाराला जंतू जगत नाहीत, आणि सुकलेलं तेल ना हवा आत येऊ देतं ना पाणी. त्यामुळे प्रत्येक पापुद्र्यात तो लावणाऱ्या माणसाचा डीएनए मुरांब्यासारखा टिकून राहतो. थरवाचक हे यंत्र थर्मासएवढं. कुणीही विकत घ्यावं. कवचाची काडीएवढी कापटी त्यात उभी घातली की ते वरून खाली एकेक पापुद्रा सोडवत जातं आणि सांगतं, हा लावणारा पुरुष होता की बाई, आणि आधीच्या-नंतरच्यांशी त्याचं नातं काय. आईबापांशी निम्मं जुळतं. आजा-आजीशी साधारण पाव. परक्याशी काही नाही.

त्या चैत्रात तांबखडीच्या भैरोबाने कवच सोडलं. नदीला गेलं ते बाकीचं. एक ढलपा रणजितने पंचात गुंडाळून बहिणीकडे दिला. सारिकाने त्याची कापटी काढून यंत्रात घातली. पडद्यावर एकेक शब्द उमटायला लागला.

बाई
बाई
बाई
बाई
बाई
बाई
बाई
बाई
बाई
बाई
बाई
पुरुष
बाई

“तुमचं यंत्र अडकलंय,” तात्या बोंद्रे मान लांब करून म्हणाले. “थोपटा जरा.”

तिने थोपटलं. यंत्र बाई म्हणत खाली उतरत राहिलं. मध्येच वर्षाकाठी एक पुरुष यायचा, तो चैत्राच्या यात्रेचा. त्या दिवशी राऊळकरांचा कर्ता पुरुष वाजंत्री लावून सगळ्या गावासमोर देवाला शेंदूर लावतो. मग पुन्हा बायाच.

आणि तांबखडीच्या गाभाऱ्यात बाईने पाऊल ठेवायचं नाही, असा नियम होता. सारिकाने लहानपणी एकदा उंबऱ्यावर नुसता पाय टेकवला, तर आईने तिथल्या तिथे थोबाडीत दिली होती.

बाया तरी एका घरच्या असाव्यात? तेही नाही. वरचे बरेच थर एकीचे, त्याखालचे दुसरीचे, त्याखाली तिसरी, चौथी, आणि एकीचं दुसरीशी रक्ताचं काडीचं नातं नाही. म्हणजे परकं कुणीतरी देवळात शिरत होतं आणि राऊळकरांना पत्ताच नव्हता. गेला हक्क.

पण पहिल्या घटकाच्या नियमाप्रमाणे तिने स्वतःच्या लाळेचा नमुना यंत्रात आधीच भरून ठेवला होता. यंत्राने आपणहून ताडून पाहिलं आणि सांगितलं,

वरून दुसरी बाई: तुमच्याशी निम्मी जुळते.
वरून तिसरी: पाव जुळते.
सगळ्यात वरची: तुमच्याशी नातं नाही.

दुसरी म्हणजे आई. तिसरी म्हणजे आजी. आई आणि आजी एकमेकींच्या रक्ताच्या कशा असतील? सासूसुना त्या. आणि सगळ्यात वरची, जिचं सारिकाशी नातं नाही, ती तिला रोज सकाळी चहाचा कप देत होती.

“शिसं हे फार वाईट विष,” सर फळ्याशी उभं राहून पुढचं शिकवत होते. “कोरडा शेंदूर खलताना उडतो, श्वासातून जातो. मनगट उचलणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात, हात खाली पडतो. शास्त्रात त्याला…”

शास्त्रात त्याला काय म्हणतात ते सारिकाने ऐकलं नाही. तिला आईचे शेवटच्या दिवसांतले हात दिसत होते, मनगटापासून सुकल्या पानांसारखे लोंबणारे. तव्यावरची भाकरी उलटता यायची नाही. गावाने करणी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय होतं पन्नाशीच्या आतबाहेर.

हा घटक अभ्यासक्रमात नाही.

“वहिनी, हात बघू.”

“का? ज्योतिष पण शिकवतात का काय तिथं?”

“बघू तर. पुढं कर. मनगट सरळ धर.”

वहिनीने पिठाचा हात पदराला पुसला आणि पुढे केला. हात क्षणभर सरळ राहिला. मग उजव्या हाताची दोन बोटं आपोआप खाली झुकली. तिने झटकन हात मागे घेतला.

“आईचं असंच सुरू झालं होतं,” सारिका म्हणाली.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“भैरोबानं.”

वहिनीने परात बाजूला सरकवली. “किती जणांपुढं सांगितलं?”

“मी एकटीनंच ओळखलं. कधीपासून लावतेस?”

“लग्नानंतरची पहिली अमावस्या. आत्याबाईंनी पहाटे उठवलं. म्हणाल्या, पुरुष पोटामागं घाट उतरून पुण्यामुंबईला गेले तेव्हापासून हे आपल्याकडं आहे. देवाला तसाच ठेवायचा का? दार लावायचं, वात बारीक करायची, तोंडातून शब्द काढायचा नाही.” तिला मध्येच हसू आलं. “मला वाटलं, दागिने दाखवायला नेतायत.”

“आणि मला थोबाडलं तिनं! मी पोटची लेक!”

“लेक म्हणूनच. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, तिथं बोलून बसते. सून कुठं जाणार बोलायला?”

सारिकाला आधी आईचा राग आला, मग वहिनीचा. आईने आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट या परघरच्या पोरीच्या हातात ठेवली होती, आणि आपल्या लेकीच्या गालावर पाच बोटं. हा राग बराच वेळ उतरला नाही. खोटं सांगून उतरवताही आला नसता.

“दादाला माहीत आहे?”

“सगळ्या पुरुषांना माहीत असतं, वन्सं. ते विचारत नाहीत, एवढंच.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं की. रक्त तपासलं तिनं. म्हणाली, शिसं आहे, बॅटरीच्या कारखान्यात कामाला आहात का? मी म्हटलं, मी घरीच असते. ती चिडली. पेशंट खरं सांगत नाहीत म्हणाली.”

“मोजे घाल हातात. तोंडाला फडकं बांध. ऐक माझं.”

“फडकं बांधीन. मोजे नाही.” वहिनीने पीठ पुन्हा ओढलं. “आत्याबाई त्या थरात उरल्या म्हणून तुम्ही ओळखलंत त्यांना. मी मोजे घातले तर मी कुठं उरणार? तुमच्या त्या कागदावर मी कोण आहे? रणजितची बायको पण लिहिलेलं नाही तिथं.”

याचं उत्तर सापडायला सारिकाला महिना लागला.

घटक पाच. गाळणी.

त्याआधीच सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. देवस्थळी सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

“हे बटण बघ,” सर म्हणाले. “पुरुष-रेषा. दाबलं की पुरुषांचे थर तेवढे राहतात. तुझे आजोबा, वडील, भाऊ. कशी सलग रेषा आहे! मंडळाचा नियमच आहे, गाळणी लावूनच द्यायचं. डिस्टिंक्शन मिळेल तुला.”

“आणि बायका?”

“त्या परिशिष्टात जातात. ‘तुरळक संपर्क’ म्हणून.”

“सर, अकरा महिने लागला तो तुरळक, आणि एक दिवस लागला ती वहिवाट?”

“मी इतिहासाचा माणूस,” सर म्हणाले. “गणित माझं कच्चं आहे.”

संध्याकाळी अंगणात रणजितने विचारलं, “झालं का?”

“झालंय. पण गाळणी लावणार नाही मी.”

त्याने का ते विचारलंच नाही. म्हणजे वहिनी खरं बोलली होती. “सारे, माहीत असणं वेगळं आणि लिहिणं वेगळं.”

“तिचं मनगट पडतंय, दादा.”

“मग करू की बंद. ठेवू एखादा माणूस. आधी निकाल लागू दे.”

“आईच्या वेळी कुठला निकाल लागायचा राहिला होता?”

रणजितचा चेहरा बदलला. “हे बघ. देव गेला तर राऊळकर म्हणून गावात राहिलं काय? तू घरात आहेस म्हणून तुझ्यावर विश्वास टाकला.”

“घरात नाही. परसात.”

“मग तेही सोड. गाळणी लाव, नाहीतर खोली रिकामी कर.”

तोंडी परीक्षा.

वंशावळ काढायच्या प्रणालीत दोन माणसांना जोडायला तीनच रेषा होत्या: रक्त, विवाह, दत्तक. सारिकाने ती बंद केली आणि ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर पेनाने वंशावळ काढली. सासूपासून सुनेपर्यंत एक रेषा, त्या सुनेपासून तिच्या सुनेपर्यंत पुढची. नावं सासरची नाहीत, माहेरची. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून पणजीपर्यंत पोचली. तिच्यापुढे नावं सरली. तिथे तिने ‘कन्या’ किंवा ‘पत्नी’ लिहिलं नाही. नावाएवढी जागा मोकळी सोडली. सगळ्यात वरची वहिनीची जागाही मोकळीच होती; ते नाव वहिनीने हो म्हटल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कॉलेजच्या सभागृहात परीक्षा होती. बाह्य परीक्षक म्हणून मंडळाच्या सदस्या इनामती मॅडम आल्या होत्या. पुढच्या रांगेत रणजित, शेजारी वहिनी. मागे गावातले चारपाच जण. राऊळकरांचा हक्क कधी जातो याची वाट बघणारे.

इनामती मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला. “या बायकांचं आपसात रक्ताचं नातं?”

“काही नाही.”

“मग ही वंशावळ कशी?”

“मॅडम, तुम्ही विचारता कुळाचा हात लागला का. कुळ म्हणजे घरात जन्मलेले पुरुष असतील, तर कुळाने देवाला वर्षातून एकदा हात लावलाय, तोही वाजंत्री लावून. बाकी सगळं वर्ष बाहेरून आणलेल्या पोरींनी सांभाळलं. एकीने दुसरीला शिकवलं. रक्त नाही, पण खंड पण नाही. कायद्यात शब्द खंड आहे, रक्त नाही. मी दुसऱ्या घटकात जागी होते.”

मागून तात्या बोंद्रे ठसका लागल्यासारखे हसले.

“गाळणी लावायचा नियम आहे,” मॅडम म्हणाल्या.

“माहीत आहे. लावली नाही.”

“तुमच्याच भावाचा हक्क जाईल. कळतंय का?”

“कळतंय. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईचा हात चाललाय. तो गेला तर कुठल्या मंडळाकडे अर्ज करायचा, तेवढं मला सांगा.”

रणजित ताडकन उठला. “शेंदूर मी लावतो! अख्खं गाव बघतं! हिचं काय ऐकता, ही नवऱ्याला सोडून आलेली…”

तो आणखी बोलणार होता. पण शेजारची खुर्ची सरकली.

“तू बस खाली,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“बसूनच खलला मी तो इतकी वर्षं,” वहिनी म्हणाली. “आता उभी राहते.”

मग ती इनामती मॅडमकडे वळली.

“मॅडम, माझं नाव लिहून घ्या. लग्नात तांदळात राजलक्ष्मी लिहिलं, ते नको. कोमल. कोमल दत्तात्रय शेवाळे. सगळ्यात वरचा थर माझा आहे. गाभाऱ्यात गेले म्हणून मला जे काय म्हणायचं ते म्हणा. पण येत्या अमावस्येपासून मी हातमोजे घालणार आहे. डॉक्टरनं सांगितलंय, नाहीतर पोराला घास भरवता यायचा नाही. मोजे घातले की मी तुमच्या यंत्राला सापडणार नाही. म्हणून आजच लिहा.”

इनामती मॅडमनी पेन उचललं. लिहिलं नाही. पण खालीही ठेवलं नाही.

सारिकाने मॅडमच्या हातातला कागद ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत सगळ्यात वर लिहिलं. कोमल दत्तात्रय शेवाळे. वहिनीच्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. नाव कागदावर आलं तर हात वाचवता येतो.

निकाल.

सारिका राऊळकर, अनुत्तीर्ण. शेरा: रेषेचा चौथा प्रकार अभ्यासक्रमात नाही.

मंडळाने हक्काचा निकाल पुढे ढकलला आणि अशा प्रत्येक आदेशात असतं ते वाक्य खाली छापलं: ‘अंतिम निर्णय होईपर्यंत सेवा पूर्वी चालत होती त्याचप्रमाणे चालू ठेवावी.’ कारकुनाने न वाचता छापलेलं वाक्य. वहिनीने ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि अमावस्येला सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, नाकाला फडकं आणि हातात मोजे घालून ती गाभाऱ्यात गेली. दार लावलं नाही. पारावरचे लोक पाठ करून बसले. पुढच्या अमावस्येला त्यातल्या निम्म्यांनी पाठ केली. एका म्हाताऱ्याने देवाला रबर चालतं का म्हणून भांडण काढलं, तेव्हा ती आतूनच म्हणाली, “चालत नसेल तर तुम्ही या लावायला. शिसं वाटून घेऊ.”

रणजितने सारिकाची ट्रंक अंगणात आणून ठेवली. तो बहिणीशी बोलत नाही. बायकोशी बोलतो, घरात जेवण तीच करते. दूध केंद्राच्या वरची खोली सारिकाने भाड्याने घेतली आणि एक जुना थरवाचक विकत घेतला. देवस्थळी सर एकदा जिना चढून आले. घाम पुसत म्हणाले, “पुढच्या सत्रात बस. गाळणी लावून आण, मी पास करतो. तुझ्यासारखी वाचणारी माझ्या वर्गात दुसरी नाही गं.”

“चहा घ्या, सर,” ती म्हणाली. “परीक्षा नको.”

मग एका सकाळी, दुधाच्या गाड्या गेल्यावर, जिन्यात कुणाचे तरी सावकाश चढणारे पाय वाजले. खिंडीपलीकडच्या गावची कुणी बाई होती, सारिकाने कधी न पाहिलेली. काखेत जुन्या लुगड्याचं जड गाठोडं. लुगड्याला आतून लाल डाग फुटलेले.

“थर वाचणारी ती तूच का?”

“हो.”

“आमच्या देवानं पण कवच सोडलं. एक सर्टिफिकेटवाला आला होता, त्याला आत सगळे पुरुषच दिसले.” बाईने दम घेतला आणि तिला नीट न्याहाळलं. “तुझ्याकडं हाय का सर्टिफिकेट?”

“नाही. नापास झाले मी.”

“मग बरं,” बाई म्हणाली, आणि खाली बसून गाठ सोडू लागली.